लाल दोरा बांधलेली वायर

नेटवर्क बंद पडलं की ऑफिसातली माणसं ओरडतात. मंद झालं की मात्र बराच काळ गप्प बसतात. आपलंच मशीन जुनं असेल, आपलीच बोटं हळू चालत असतील, असं ज्याला त्याला वाटत राहतं. मग कधीतरी जेवणाच्या सुट्टीत एक जण दुसऱ्याला हळूच विचारतो, "तुझंपण अडकतंय का रे?" आणि त्यानंतर आमच्याकडे फोन येतो.

माझं बहुतेक आयुष्य या मंदपणाच्या मागे गेलं. बंद पडलेलं शोधणं सोपं असतं. कुठेतरी वायर तुटलेली असते, ती जागा सापडली की काम झालं. मंद नेटवर्कात सगळं जोडलेलं असतं, सगळे दिवे लागलेले असतात, आणि तरीही फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायला पाच मिनिटं घेते. तक्रार करणाऱ्याला काय दाखवावं तेही कळत नाही.

मला लिहायची सवय नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, तीही सकाळची नोकरी करून संध्याकाळच्या वर्गाला. त्यानंतर जे काही लिहिलं ते कामाच्या कागदावर: तक्रार, कारण, उपाय, सही. हे लिहिणंही तसंच झालं तर सांभाळून घ्या. यातल्या एका कामाच्या कागदावर मी कारण खोटं लिहिलं होतं. खरं म्हणजे त्याच्यासाठीच लिहायला बसले आहे. पण एकदम तिथे जायचा धीर होत नाही, म्हणून आधी थोडं इकडचं तिकडचं सांगते.

गिरगावात एका वकिलांच्या ऑफिसातून दर वर्षी दसरा झाला की फोन यायचा. मी पहिल्यांदा गेले, तेव्हा तिथले जुने कारकून नाना दारातच उभे होते. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न एकच असतो: काल आणि आज यांत काय बदललं? त्याचं उत्तरही एकच असतं.

"काही नाही हो ताई," नाना म्हणाले. "आहे तसंच आहे."

मी स्टुलावर चढले. सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा देवाच्या फोटोशेजारी फळीवर ठेवलेला होता. डब्याला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल, आणि वायरी खोचायच्या भोकांमध्ये अक्षता.

"नाना, हे काय?"

"दसरा नव्हता का परवा? पूर्वी टाइपरायटरची पूजा करायचो. आता सगळं काम हा करतो म्हटल्यावर ह्याची नको करायला?"

"पण आत पाणी गेलंय."

"पाणी नाही ते. पंचामृत. नुसतं बोट टेकवलं."

मी दुपारभर काडीला कापूस लावून त्या भोकांतलं पंचामृत काढत होते. पुढच्या वर्षापासून दसऱ्याच्या आदल्या दिवशी मीच जाऊन सगळ्या भोकांवर चिकटपट्टी लावायची. दुसऱ्या दिवशी ती काढायला गेले की नाना मला आपट्याचं पान द्यायचे आणि एक पान डब्यावर ठेवायचे. पूजा बंद करा असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. आमच्या चाळीतही बायका शिवणयंत्राची पूजा करत, आणि ती यंत्रं काही त्याने बिघडत नसत.

दादरला एका क्लासच्या ऑफिसात नेटवर्क रोज संध्याकाळी मंद व्हायचं, सकाळी चांगलं. तीन खेपा झाल्या, काही सापडेना. चौथ्या खेपेला मी नुसती खुर्ची टाकून बसून राहिले. साडेपाच वाजले, तिथल्या बाईंनी उठून ट्यूबलाइट लावल्या आणि त्या क्षणाला सगळं अडलं. कुणीतरी वायर लोंबू नये म्हणून ती ट्यूबच्या पट्टीला, अगदी चोकच्या अंगावरून, बांधून टाकली होती. त्या विजेचा गोंगाट वायरीत शिरत होता.

"म्हणजे आता अंधारात बसायचं का आम्ही?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. वीतभर लांब ठेवायची फक्त."

ही वायर आतून कशी असते ते इथे सांगते, पुढे लागणार आहे. बाहेरून ती करंगळीपेक्षाही बारीक दिसते. आत आठ तारा असतात. त्या सुट्या नसतात, दोन-दोनच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून बसलेली असते. नारिंगी आणि तिची पांढरी-नारिंगी, हिरवी आणि तिची पांढरी-हिरवी, तशाच निळ्या आणि तपकिरी. पीळ शोभेचा नसतो. एका तारेतलं बोलणं शेजारच्या तारेत ऐकू जातं, चाळीत एका खोलीतलं पलीकडच्या खोलीत जावं तसं. जोडीतल्या दोघी एकमेकींभोवती फिरत राहिल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडतो आणि शेवटी एकमेकांत विरून जातो. म्हणून एकच बोलणं एकाच जोडीतून न्यायचं, हा नियम.

वायरीच्या टोकाला काचेसारखा पारदर्शक प्लग बसवतात. त्यात आठ घरं असतात आणि कुठल्या घरात कुठला रंग हे ठरलेलं असतं. त्यात एक गंमत आहे. नारिंगी जोडी शेजारी शेजारी बसते, निळी आणि तपकिरीही तशीच. हिरवी मात्र फुटते. तिची एक तार तिसऱ्या घरात, दुसरी सहाव्या घरात, आणि मधल्या दोन घरांत निळी जोडी. असं का, त्याला जुन्या टेलिफोनच्या काळातलं कारण आहे. यंत्र तिसऱ्या आणि सहाव्या घरात एकच बोलणं पाठवतं, म्हणून तिथे एकाच जोडीच्या दोघी हव्यात. बघणाऱ्याला मात्र ते चुकल्यासारखंच वाटतं.

माझ्या आईला तसंच वाटलं.

आई लालबागच्या एका गिरणीत वायंडिंग खात्यात होती. छोट्या बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनावर भरायचं आणि तुटलं की गाठ मारायची, हे तिचं काम. तिची गाठ मला कधी दिसली नाही. बोटं एकदा हलायची आणि धागा जोडलेला असायचा. संप झाला तेव्हा मी चौथीत होते. वडील संपात गावाला गेले ते तिकडचेच झाले. गणपतीला आम्ही जायचो तेव्हा भेटायचे. आई राहिली, माझ्या शाळेसाठी. गिरणीतून तिला पुन्हा बोलावणं आलं नाही. मग तिने मसाला कुटायच्या डंखावर मिरच्या निवडल्या, गाववाल्यांचे जेवणाचे डबे केले, आणि मला शिकवलं. डब्यांच्या कामात ती हुशार होती, पण ते काम तिला आपलं वाटलं नाही. "ह्या काय काम? जेवण तर घरात पण करतंव," असं म्हणायची.

गिरणीतली एक गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची. खात्यात कायम असलेल्या प्रत्येक बाईची आपली खूण असे. कोन भरून झाला की ती आतल्या बाजूला आपल्या खुणेचा रंगीत दोरा अडकवायची. आईचा लाल. पुढे सूत खराब निघालं, दोन जातींचं सूत एका कोनात मिसळलं, की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, तो कोन उचलून थेट त्या बाईच्या पुढ्यात आणून टाकायचा, सगळ्यांदेखत.

"मग वाईट नाही वाटायचं?" मी लहानपणी विचारलं होतं.

"वाटायचा तर. रडायला यायचा. पण बदलीवालीक, रजेवरच्या बाईच्या जागी येता तिका, खूणच नसायची गो. तिचा वाईट निघाला काय नि चांगला निघाला काय, कोण विचारी? माका खूण मिळाली त्या दिवशी मी खात्यात पेढे वाटलंय."

मी कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती. दादरला गुप्ते सरांची छोटी कंपनी होती, आम्ही चार जण. माझगावला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात सगळं नवीन नेटवर्क घालायचं काम आलं, गोदीतल्या मालाचे कागद करणारं ऑफिस. साठ वायरी दोन्ही टोकांना प्लग बसवून तयार करायच्या होत्या. मी सामान घरी आणलं आणि जमिनीवर पसरून बसले. पहिल्याच वायरीशी झटत होते. आई डबे घासून हात पुसत शेजारी येऊन बसली.

"ह्या रंगांचा काय करतंस?"

मी सांगितलं. रंगीत पेन्सिलीने एका कागदावर आठ घरं काढून दाखवली.

"दे हयसर," ती म्हणाली.

तिने तारा हातात घेतल्या. पीळ सोडवून त्या सरळ करायला मला दोन मिनिटं लागायची. तिने अंगठ्याने एकदा सारल्या आणि आठही एका रांगेत, पंखा उघडावा तशा. पक्कड दाबताना तोंडाने हलकेच "हं" म्हणाली. मग दुसरी घेतली. मी कॉलेजच्या परीक्षेला बसले होते त्या आठवड्यात, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. चार दिवसांत साठ वायरी झाल्या. प्रत्येकीच्या एका टोकाला, प्लगच्या मागे, लाल दोऱ्याची बारीक गाठ.

"हे कशाला आई?"

"दोष निघालो तर कोणाचा ता कळूक होया."

तिने ते हसत हसत म्हटलं, पण त्या आठवड्यात ती वेगळीच होती. सकाळी डबे पोचवून आली की केस विंचरून, पदर खोचून बसायची. शेजारच्या काकूंनी हाक मारली तर आतूनच सांगायची, "आता नाय, कामावर असंय."

मी प्रत्येक वायर टेस्टरला लावून पाहिली. टेस्टर म्हणजे दोन छोट्या डब्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला. एक ते आठ दिवे ओळीने लागले की वायर बरोबर. साठच्या साठ बरोबर निघाल्या. मी प्लग हातात धरून उजेडात रंग बघायला हवे होते. बघितले नाहीत. सगळी चूक इथे आहे, आणि ती आईची नव्हे.

माझगावचं ऑफिस सुरू झालं. तिथले मॅनेजर फर्नांडिस साहेब खूश. दोन वर्षं एक तक्रार नाही. आई अधूनमधून विचारायची, "माझगाव चालता मा?" मी म्हणायची, चालतं. तिच्यासाठी त्या ऑफिसाचं नाव माझगावच होतं.

मग त्यांनी नेटवर्कचा डबा बदलला. जुना डबा ज्या वेगाने बोलायचा त्याच्या दहापट वेगाने बोलणारा नवा आला, मीच बसवला. दुसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन.

"मॅडम, तुमचा नवा डबा परत घेऊन जा. जुना होता तो गाढव होता, पण चालत होता. हा घोडा आहे आणि जागचा हलत नाही."

मी गेले. खरंच, आधीपेक्षा कितीतरी मंद. मी दुसरा डबा लावून पाहिला, कॉम्प्युटरची कार्डं बदलली. टेस्टर लावला, आठही दिवे ओळीने. दोन दिवस गेले. माल गोदीत अडून पडला होता, कागद वेळेवर निघत नव्हते, आणि सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं. तिसऱ्या दिवशी मी दुकानातून एक तयार वायर विकत आणली आणि जुनी काढून ती लावली. फाइल डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पलीकडे.

जुनी वायर घेऊन मी खिडकीशी गेले. बाहेर गोदीचा भगभगीत उजेड होता. प्लग वर धरला. नारिंगी शेजारी शेजारी, हिरवी शेजारी शेजारी, निळी, तपकिरी. चार जोड्या ओळीने, एकही फुटलेली नाही. दुसरं टोक पाहिलं, तिथेही तसंच. इतकं सुबक काम मी आजवर कुणाचं पाहिलेलं नाही. आणि मागे लाल गाठ.

दोन्ही टोकं सारखीच असल्यामुळे टेस्टरचे दिवे ओळीने लागत होते. कुठली तार कुणाच्या जोडीची हे त्याला कळतच नाही. पण तिसऱ्या घरात एका जोडीची तार आणि सहाव्यात दुसऱ्याच जोडीची, त्यामुळे पिळाचा काही उपयोग उरला नव्हता. जुना डबा सावकाश बोलायचा, म्हणून गलबल्यातही त्याचे शब्द कळायचे. नवा भरभर बोलायला लागला आणि सगळं एकमेकांत मिसळलं.

फर्नांडिस साहेब मागे येऊन उभे राहिले होते.

"काय निघालं?"

"वायरी. माल बरोबर नव्हता."

"कोणी बनवल्या होत्या?"

मी प्लग मुठीत धरला. "बाहेरून घेतल्या होत्या."

"मग ह्यापुढे माझ्या ऑफिसात पाकीटबंद वायर लागेल. हाताने बनवलेली एक पण नको."

कामाच्या कागदावर कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: सदोष माल. खाली सही केली.

पुढच्या शनिवारी ऑफिसला सुट्टी होती. मी एकटीने साठ वायरी बदलल्या. जुन्या सगळ्या गुप्ते सरांकडे जायच्या होत्या, आणि त्यांनी गाठी बघितल्या तर विचारतील म्हणून प्रत्येक वायरीची लाल गाठ कात्रीने कापून काढली. फेकवल्या नाहीत. हत्यारांच्या पिशवीच्या आतल्या खिशात ठेवल्या. घरी आल्यावर आईला म्हटलं, "आता तयार वायरी मिळतात. हाताने करायची गरज नाही."

"बरा," ती म्हणाली. मला सुटल्यासारखं झालं.

महिना झाला असेल. रविवारी सकाळी मी बाजारातून आले तर आई गॅलरीत उजेडाला बसली होती. माझ्या हत्यारांच्या पिशवीची शिवण उसवली होती, ती शिवायला घेतली होती तिने. मांडीवर लाल दोऱ्यांचा पुंजका. एका हातात माझ्या पिशवीतली तयार वायर, दुसऱ्या हातात घरात उरलेली तिची जादाची एक. दोन्ही प्लग शेजारी शेजारी धरून बघत होती.

"ह्याच्यात हिरवो फुटलेलो असा," ती म्हणाली.

मी बाजाराची पिशवी खाली ठेवली.

"तुझ्या चित्रात पण तसाच होता. माका वाटला, पोरीचा घाईत चुकला. आमच्या खात्यात जोडीचा सूत जोडीपासून लांब गेला की खाडा पडायचो, पगार कापीत. म्हणून मी सरळ केलंय." तिने वर बघितलं. "दोष निघालो ना?"

"तसं काही नाही गं. जुन्या झाल्या होत्या…"

"रंजू. गाठ बदलूची असली की माणूस सोडता. कापता ता लपवूक."

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. नवा डबा, साहेब, बाहेरून घेतल्या असं म्हटलं तेही. टेस्टरने फसवलं, मीही नीट बघितलं नाही, चूक माझी आहे, असं दोन-तीनदा म्हणाले. ती ऐकत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"साठ?" तिने विचारलं.

"साठ."

"आणि एक पण माझ्या पुढ्यात हाडलंस नाय."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटला असता तर! मगे? कामात वाईट वाटायचाच." तिने दोरे मुठीत गोळा केले. "खूण कापलंस म्हणजे माका परत बदलीवाली केलंस गो तू."

शेजारच्या काकू कपडे वाळत घालता घालता थबकल्या आणि आत गेल्या.

थोड्या वेळाने आईने पक्कड मागितली. घरात उरलेल्या वायरीची दोन्ही टोकं कापली आणि नवे प्लग बसवायला घेतले. या वेळी माझं चित्र समोर ठेवलं. हिरवीशी आली तेव्हा थांबली, निळ्या जोडीच्या अलीकडे एक तार, पलीकडे दुसरी, अशी धरून बघत राहिली. "ऱ्हवतंत खरी अशी पण," असं काहीतरी पुटपुटली. मग पक्कड दाबली. मी टेस्टर लावला. आठ दिवे, ओळीने.

"आदी पण असेच लागले होते मा?"

"हो."

"मगे ह्यो कसलो तपासनीस? आमच्या खात्याच्या मास्तरासारखो. नुसते दिवे बघता, सूत बघणा नाय." आणि ती हसली. मीही हसले. तो सगळा महिना तिथे संपला असं मला वाटलं.

तिने लाल दोरा बांधला, दाताने तोडला, आणि वायर माझ्या हातात दिली. "ही माझगावाक लाव. माझ्या जाग्यार. एकच लाव, पण लाव."

मी हो म्हटलं.

मला ते करायचं होतं. पण फर्नांडिस साहेबांची अट होती, आणि ती वायर लावायची तर त्यांना खरं सांगावं लागणार होतं: बाहेरून घेतल्या नव्हत्या, माझ्या आईने केल्या होत्या, आणि मी तपासल्या नव्हत्या. मी दोनदा माझगावला गेले. दोन्ही वेळा वायर पिशवीत होती. पहिल्यांदा साहेब कामात होते. दुसऱ्यांदा ते मोकळे होते, चहा मागवला त्यांनी माझ्यासाठी, आईवडील कुठले वगैरे विचारलं. तोंडाशी आलेलं मी चहाबरोबर गिळलं.

घरी आल्यावर आईने विचारलं, "लावलंस?"

"लावली."

"चालता?"

"चालते."

त्या दिवशी तिने तांदळाची खीर केली. काकूंना वाटी द्यायला गेली तेव्हा मला भिंतीपलीकडून ऐकू आलं: "माझगावच्या हापिसात माझी एक वायर असा अजून. चालता."

त्यानंतर ती बरीच वर्षं होती. कधी बसमधून आम्ही त्या बाजूने गेलो की ती खिडकीतून बघायची. बिल्डिंग कुठली ते तिला आधी माहीत नव्हतं, मग मी एकदा बोटाने दाखवली होती. बिल्डिंग दिसेनाशी होईपर्यंत ती मान वळवून बघत राहायची. मी दर वेळी ठरवायची की या आठवड्यात जाऊन लावून येते. खोटं खरं करायला मला फक्त एक भोक आणि एक मिनिट लागलं असतं.

आई गेली. वडिलांना आणायला गावी माणूस पाठवला, ते दहाव्याला पोचले. ते ऑफिसही तिथून हललं, कुठे ते मला माहीत नाही. आता नव्या ऑफिसात गेलं की टेबलाखाली वाकावं लागत नाही. सगळं हवेतून चालतं. मंद झालं तर मुलं डबा बंद करून पुन्हा चालू करतात. त्यांचं काम माझ्यापेक्षा सोपं आहे असं नाही. पण हातात धरून उजेडात बघावं असं त्यात काही उरलेलं नाही, आणि मला त्याची फार आठवण येते. माणसाने केलेलं काम हातात घेऊन, हे कुणी केलं ते कळण्याची.

ती वायर पिशवीच्या आतल्या खिशात होती, त्या दोऱ्यांच्या पुंजक्याबरोबर. काल ती काढली. प्लगवर धूळ बसली होती, ती नानांच्या डब्यासारखी काडीला कापूस लावून पुसली. उजेडात धरून रंग पाहिले, या वेळी न विसरता. मग माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर आणि भिंतीवरचा डबा यांच्यामध्ये ती लावली. दिवा लागला. मी टेस्टर लावला नाही.

हा मजकूर त्या वायरीतून पाठवत आहे. पोचला की कृपा करून कळवा. कुठे एखादं अक्षर गळलेलं दिसलं तर दोष माझा धरा, आणि तो माझ्या पुढ्यात आणून टाका. वायर बरोबर आहे.